तीन किलोचं बाळ

समस्त पनवेलकरांना, आणि विशेषतः माझ्या बायकोला, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मला कन्यारत्न झाले. जन्म शनिवारी दुपारी चारच्या सुमारास, उरण नाक्याजवळ, लहान मुलांच्या कपड्यांच्या एका दुकानात. वजन तीन किलो. बाळ-बाळंतीण सुखरूप. बाळ अंदाजे वीस मिनिटे जगले. बाळंतिणीला या घटनेची अद्याप कल्पना नाही, कारण त्या वेळी ती घरी पंखा लावून झोपली होती.

हे बाळ मला का जन्माला घालावं लागलं, ते आता सांगतो.

माझी धाकटी बहीण तेव्हा सातव्या महिन्यात होती. वय एकोणचाळीस. तळोज्याच्या एका कारखान्यात ती माल तपासायचं काम करते. म्हणजे दिवसभर वस्तू उलटसुलट करून बघायच्या आणि नापास करायच्या, याचा तिला पगार मिळतो. लहानपणापासून ती हेच फुकट करत आली आहे. आमच्या आईची आमटी, माझ्या कविता आणि माझं लग्न तिने एकाच आठवड्यात नापास केलेलं मला आठवतं.

दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळ सहाव्या महिन्यातच गेलं होतं. हॉस्पिटलमधून ते हिरव्या कापडात गुंडाळून माझ्या हातात दिलं, कारण तिचा नवरा बाहेर जिन्यात जाऊन बसला होता. कापडाच्या कोपऱ्यावर काळ्या शाईत धोब्याचा नंबर होता. बहिणीने ते एकदाच पाहिलं. पुढे त्या बाळाबद्दल ती माझ्याशी एकच वाक्य बोलली, तेही चार-पाच महिन्यांनी, मेथी निवडता निवडता.

"नंबर होता रे, दादा, त्याच्यावर."

या खेपेला दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट सांगितली. बाळाची वाढ थांबली आहे. आत ठेवणं धोक्याचं आहे, सोमवारी बाहेर काढू. आशा फार ठेवू नका. दुसऱ्या डॉक्टरांनी 'फार' हा शब्दसुद्धा गाळला. बहिणीने दोघांचंही नीट ऐकून घेतलं आणि घरी येऊन मला फोन केला.

"शनिवारी मोकळा आहेस का? कपडे घ्यायचेत बाळाला. या वेळी ते हिरवं कापड मला चालणार नाही."

तिचं मागणं एवढंच होतं. बाळ जगेल असं तिला वाटत नव्हतं, आणि मलाही खोटं सांगता येईना, निदान तिला तरी. पण ते दिवसभर राहो की तासभर, त्याच्या अंगावर त्याचं स्वतःचं, त्याच्या मापाचं काहीतरी असायला हवं होतं. आणि ते चांगल्या प्रतीचं असायला हवं होतं. ती यादी घेऊनच आली.

आमच्याकडे जन्माआधी बाळाचे कपडे आणत नाहीत, म्हणून आईला आम्ही चपला घ्यायला चाललो असं सांगितलं. बहिणीच्या नवऱ्याला न्यायचा प्रश्नच नव्हता. तो शोकेसमधले मोजे बघूनच रडला असता.

नवीन पनवेलच्या पहिल्या दुकानात नवजात मुलांसाठी थ्री-पीस सूट होता. जाकीट, बो, आणि छातीवरच्या खिशात शिवलेला खोटा रुमाल. "हा घालून त्याने कुठे मुलाखतीला जायचंय?" बहिणीने विचारलं. सेल्समन म्हणाला, "मॅडम, फोटोत छान दिसतं." तिने जाकीट उलटं केलं, आतल्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि काउंटरवर ठेवून दिलं. मी तिच्या वतीने जाहीर केलं, "नापास!"

दुसऱ्या दुकानात फ्रॉकना पाठीवर चेन होत्या. दिवसभर पाठीवर पडून राहणाऱ्या प्राण्याला पाठीवर चेन! तिथे तिने दहा-बारा कपडे उलटे केले आणि प्रत्येकाबद्दल तेच तीन प्रश्न विचारले. रंग जातो का? शिवण टोचते का? आणि दुधाचा डाग पडला तर निघतो का? ज्याला डाग पाडायला उसंत मिळेल की नाही याची शंका होती, त्याच्या कपड्यांबद्दल ती हे विचारत होती. मी छताला टांगलेल्या फुग्यांकडे बघत राहिलो.

तेवढ्यात तिथल्या विक्रेत्या मुलीची नजर बहिणीच्या कुर्त्यावर गेली. "अय्या, तुमचंच का, ताई? अहो, आधी नसतात घ्यायचे कपडे. बाळाला चांगलं नसतं."

बहिणीने हातातलं टोपरं ठेवलं, बाहेर आली आणि रिक्षांच्या रांगेकडे बघत उभी राहिली. मी दोन उसाचे रस आणले. तिने नको म्हटलं, म्हणून दोन्ही मीच प्यायलो, आणि त्या साखरेतून मला ती कल्पना सुचली.

"पुढच्या दुकानात कोणी विचारलं तर बाळ माझं."

"तुझं?"

"का? मी काय म्हातारा झालोय?"

"हो."

"मग तर लोक बाळाचं विसरून माझ्याकडेच बघतील. तू पिशवी पोटासमोर धर."

तिला फार काही लपवावं लागत नव्हतं. सातव्या महिन्याचं पोट पाचव्याचं दिसत होतं. तेच तर दुखणं होतं.

तिसरं दुकान जुन्या पनवेलमधलं, अरुंद आणि खोल. गल्ल्यावर एक वयस्कर चाचा, गळ्यात मोजायची टेप. समोरच्या स्टुलावर कोन गावाच्या बाजूची एक मावशी बसली होती. गळ्यात सोन्याची जाड माळ, आणि मांडीवर आठ-नऊ महिन्यांची भलीमोठी नात. नात दोन्ही हातांनी एक बिस्कीट संपवत होती आणि अर्धं बिस्कीट तिच्या हनुवटीवर होतं.

"किसके लिए? कुणासाठी बघायचंय?" चाचांनी विचारलं.

"माझ्या मुलीसाठी," मी छाती काढून म्हणालो. "गेल्या रविवारी झाली."

चाचांनी चष्म्यावरून माझ्या डोक्याकडे पाहिलं. तिथे बघण्यासारखं आता फारसं उरलेलं नाही. "मुबारक हो," ते म्हणाले. "पहिली?"

"पहिलीच." माझा मुलगा त्या वर्षी इंजिनिअर होत होता.

मावशीने नातीला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि पुढे सरकली. "बायको किती वर्साची हाय?"

"एकोणपन्नास."

"जल्ला! आमच्या कोनान या वयान बायका नातवंडा खेलवतान. लाज नाय वाटली तुमाला?"

"वाटली, मावशी. पण उशिरा वाटली."

मावशी एवढी हसली की नातीच्या हातातलं बिस्कीट पडलं. आता दुकान माझं होतं. कॉलेजात असताना एकांकिकांमध्ये मला नेहमी प्रेताचं काम मिळायचं, त्याचा सगळा अनुशेष मी भरून काढला. मुलीचे कान माझ्या वडिलांसारखे आहेत म्हणालो. रडते ती खालच्या पट्टीत. नर्स म्हणाली, असं बाळ या मजल्यावर झालंच नाही. आणि ही कोण? ही बाळाची आत्या.

"आणि झोपेत हसते," आत्या मागून म्हणाली.

मी वळून पाहिलं. पिशवी पोटाशी धरून ती माझ्याकडे नाही, चाचांकडे बघत होती.

"नाळ पडली?" चाचांनी विचारलं. "लंगोट कुठला द्यायचा ते त्यावर असतं."

"काल पडली," बहीण म्हणाली. "काल सकाळी. अंघोळ घालताना."

हे मी रचलेलं नव्हतं.

"वजन?"

"तीन किलो," मी म्हणालो. द्यायचंच आहे तर हात आखडता कशाला घ्यायचा!

चाचांनी मलमलीची झबली काढली. पुढून बंद बांधायची, शिवण बाहेरच्या अंगाला, दोनदा धुऊन मऊ केलेली. बहिणीने एक उलटं केलं. मग सुलटं केलं. बंद ओढून पाहिले. त्या दिवशी पहिल्यांदाच तिला नापास करायला काही सापडेना. मग तिने त्याच्या बाहीत हात घातला. आख्खा पंजा आत गेला.

"हे मोठं होईल," ती म्हणाली.

"असू दे ना, बेटी. वाढत्या अंगाचं घ्यायचं असतं. दहा दिवसांत बरोबर होतं."

"वाढत नाहीये ते!" बहीण एवढ्या मोठ्याने म्हणाली की मावशीची नात दचकली. "नऊशे ग्रॅमचं आहे. अजून पोटातच आहे. सोमवारी काढणार आहेत." आणि तिने पिशवी बाजूला केली.

माझी तीन किलोची मुलगी तिथेच गेली. मला तिचं खरंच वाईट वाटलं.

चाचांनी समोरची झबली घडी करून ठेवली, खाली वाकले आणि काउंटरच्या सर्वांत खालचा खण उघडला. त्यात चार झबली होती, माझ्या तळहाताएवढी. "घरी शिवतो," ते म्हणाले. "बाहेर लावत नाही. लोक विचारतात, बाहुलीची का?"

बहिणीने तीन घेतली. त्यातली दोन अजून तिच्या कपाटात तशीच, कोरी आहेत. सोमवारी मुलगी झाली आणि ती चार दिवस होती. काचेच्या पेटीत नळ्यांमुळे तिला काही घालता येत नव्हतं. चौथ्या दिवशी नळ्या काढल्यावर घातलं. बहिणीनेच घातलं, बंदही तिनेच बांधले. माप बरोबर होतं. हिरवं कापड घेऊन नर्स आली होती, ते मी तसंच घडी करून तिला परत दिलं.

पण त्या शनिवारी आम्ही अजून दुकानातच होतो, आणि मावशी स्टूल पुढे ओढत होती. न विचारता राहणं तिच्या स्वभावात नसावं.

"पयला बी गेला का, बाय?"

बहिणीने मान डोलावली.

"मंग कोरा नको घालू. ज्यांचा जगत नाय, त्यांनी दुसऱ्याच्या पोराचा उतरलेला मागाचा. आमचे घरान दोघा असेच जगले."

"तसं काही नसतं, मावशी," बहीण म्हणाली. तिचा कारखान्यातला आवाज परत आला होता. "उलट जंतू जातात बाळाला. सगळं धुऊन, उकळून घालायचं असतं."

"नसल त नसल. तू उकल. मी कुठं नको म्हनतंय?"

असं म्हणत मावशीने काउंटरवरच्या तीन झबल्यांतलं एक उचललं आणि नातीला घालायला गेली. ते नातीच्या मुठीवरच कसंबसं बसलं. "ह्ये बग. माझे नातीनं घातला. झाला जुना. आता माग माझ्याकं."

नातीने आपल्या मुठीकडे पाहिलं, आणि जे दिसेल ते तोंडात घालायचं या तिच्या नियमाप्रमाणे मुठीसकट झबलं तोंडात घातलं. चाचा "अरे, अरे!" करत काउंटरवरून पुढे झाले. ओढून काढेपर्यंत छातीच्या जागी बिस्किटाचा ओला, तपकिरी डाग पडला होता, रुपयाएवढा.

"सॉरी, बेटी. हे मी ठेवतो. खणात एक आहे अजून, ते कोरं देतो," चाचा म्हणाले आणि पुन्हा वाकले.

बहिणीने ते झबलं त्यांच्या हातातून घेतलं. दाराशी उजेडात गेली, कारखान्यात माल बघते तसं दोन्ही हातांनी ताणून धरलं, डागावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मावशीची माफी कशी मागायची, याची मी मनातल्या मनात जुळवाजुळव सुरू केली.

मग ती वळली आणि भर दुकानात, रस्त्यावरच्या रिक्षावाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं,

"चाचा, हा डाग धुतल्यावर निघणार नाही ना?"