डॉयल व्हॉन्ड्राचा पहिला नंबर

"डॉयल, सहा वर्षांत तू मला एकदा तरी हरवलंयस का रे?"

"नाही."

"मग ही एक नंबरची पाटी तुझ्या सायकलीवर काय करतेय?"

"शोभतेय."

हे भांडण मी ट्रॅकवरच्या माझ्या खाण्याच्या खोपट्यात चिली, म्हणजे खिम्या-राजम्याचं तिखट कालवण, ढवळता ढवळता फळीआडून ऐकलं. विचारणारा मर्ल टोबिस्का. वय सदुसष्ट, पण पाय अजून घोड्याचे. उत्तर देणारा डॉयल. त्याला जाऊन आता तीन वर्षं होतील. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी तो असतानाही हेच बोलत होते, त्यामुळे नवीन काही बोलत नाहीये.

"मी यंदा अकरा वेळा आलो आणि अकराही वेळा जिंकलो," मर्ल म्हणाला.

"मी चव्वेचाळीस वेळा आलो."

"हरलास चव्वेचाळीस वेळा."

"आलो ना पण."

डॉयलचं सगळं आयुष्य या "आलो ना पण"मध्ये बसतं. एकतीस वर्षं तो धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी बसला. ट्रक आला, काटा बघितला, आकडा लिहिला. धान्य कुणी पेरलं, कुणी कापलं, त्याचं त्याला काही नाही. आकडा आपल्या हातचा म्हणजे पीकही आपलंच, असा त्याचा तोरा. निवृत्त झाल्यावर त्यानं बीएमएक्स धरलं. मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारत पोरंसोरं छोट्या सायकली पळवतात ती शर्यत. आमच्या नेब्रास्काच्या या टोकाला म्हातारेही तीत उतरतात, जरा मोठ्या चाकांच्या सायकलवर. एकसष्ट आणि पुढे, असा त्यांचा गट.

मी सहावीतून शाळा सोडून बीटाच्या शेतात गेले, पण गुणांची बेरीज मला डॉयलपेक्षा लवकर यायची. पहिल्याला पंचवीस, दुसऱ्याला वीस, तिसऱ्याला सोळा. शिवाय गटात जितकी माणसं तितके गुण प्रत्येकाला वरून. तिघं असतील तर अठ्ठावीस, तेवीस, एकोणीस. आमच्या भागात चार ट्रॅक. मार्च ते सप्टेंबर चारही ठिकाणचे गुण साठत जातात आणि शेवटी ज्याचे जास्त त्याला एक नंबरची पाटी. ती वर्षभर सायकलीच्या पुढ्यात लावून हिंडायचं. म्हणजे अकरा वेळा जिंकणाऱ्या मर्लचे तीनशे आठ, आणि चव्वेचाळीस वेळा हरणाऱ्या डॉयलचे नऊशेच्या वर. मर्ल बिचारा शेतातले पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. त्याला सुटी मिळेल तेव्हा तो येणार. डॉयलला रोजच सुटी. चारही ट्रॅक फिरायचा, शेपटाला राहायचा आणि गुण वेचायचा. कोंबडी दाणे वेचते तसा. कोंबडी निदान अंडं तरी देते.

एक नियम मात्र त्याच्या मानगुटीवर होता. तिघं नसतील तर गट होत नाही. खालच्या वयाच्या गटात घुसवतात, आणि तिथेही कुणी नसलं तर सायकल उचला आणि घरी जा, गुण नाहीत. म्हणून डॉयल लीलंड पर्डीला आणायचा.

लीलंड सत्तरीचा. डोळे अधू झाले म्हणून त्याचं गाडीचं लायसन काढून घेतलं होतं. "सायकलला कुठे लायसन लागतं?" तो म्हणायचा. "पुढच्याची पाठ दिसली की पुरे." ती पाठ डॉयलची. लीलंड कायम तिसरा, आणि कायम खूश. डॉयल उलट्या दिशेला तीस मैल जाऊन त्याला पिकअपमध्ये घालायचा, त्याची सायकल चढवायचा, उतरवायचा, त्याच्या चाकात हवा भरायचा. लोक म्हणायचे, किती मायेचा माणूस. मी म्हणायचे, बैलाला चारा घालणारा प्रत्येक जण मायेचा असतो का?

मग एका जूनमध्ये मर्ल निवृत्त झाला.

त्या उन्हाळ्यात गटातले बाकीचे म्हातारे गळाले होते. एकाचं खुब्याचं हाड मोडलं, एक लेकीकडे ॲरिझोनाला गेला. उरले हे तिघं. मर्ल आता दर शर्यतीला यायला लागला. पहिला मर्ल, दुसरा डॉयल, तिसरा लीलंड. दर खेपेला मर्ल पाच गुणांनी जवळ येत होता. सप्टेंबरात दोन शर्यती उरल्या तेव्हा डॉयल फक्त सात गुणांनी पुढे होता. बे पंचे दहा. पाटी जाणार हे पोरांनाही कळत होतं. डॉयल माझ्या खिडकीशी उभा राहून बोटं मोजायचा. जणू मोजून बोटं वाढणार होती.

बुधवारी संध्याकाळी तो एकटाच आला.

"लीलंड कुठाय?" मर्लनं विचारलं.

"कंबर धरलीय त्याची."

खालच्या वयाचं त्या दिवशी कुणी नव्हतं. दोघांचा गट होत नाही. मर्लनं डॉयलकडे बघितलं आणि त्याच्या सगळं ध्यानात आलं.

"अरे, सहा वर्षं त्याला खांद्यावर घेऊन नाचलास," तो म्हणाला, "आणि आज कंबर धरली?"

"म्हाताऱ्याच्या कंबरेचं काय सांगावं."

मर्ल थुंकला आणि निघून गेला. सातच्या सुमाराला खोपट्यातला फोन वाजला.

"लोरीन, डॉयल निघालाय का गं? मी साडेपाचपासून पायरीवर बसलोय."

"कंबर कशी आहे तुझी, लीलंड?"

"कंबरेला काय झालंय? हेल्मेट जरा टोचतंय, एवढंच."

मी फोन ठेवला. डॉयल समोरच्या बाकावर बसून, आमच्याकडे सगळेच खातात तसा, चिलीत दालचिनीचा गोड रोल बुडवून खात होता.

"लीलंडचा फोन होता. कंबर ठणठणीत आहे. हेल्मेट दीड तास डोक्यावर आहे."

तो चावत राहिला. "दालचिनी कमी पडलीय आज."

"लाज त्याहून कमी पडलीय, मेल्या."

त्यानं वाटी पुसून खाल्ली आणि गेला.

रविवारी दुपारी शेवटची शर्यत. डॉयल लीलंडला घेऊन आला. मला कुणी पश्चात्तापाच्या गोष्टी सांगू नयेत. त्यानं हिशेब घातला होता. सात गुणांची आघाडी तशीच होती, दुसरा आला तरी पाच जाऊन दोन उरत होते, आणि लीलंडनं त्याला जन्मात मागे टाकलं नव्हतं. शिवाय बुधवारचा बोभाटा चारही ट्रॅकवर झाला होता. आणि हिशेब असला, तरी आणलंन त्याला, एवढं मी लिहून ठेवते. जास्त नाही.

सुरुवातीचं गेट पडलं. मर्ल नारिंगी सदरा घालून सुसाट पुढे. मागे डॉयल, त्याच्या पाठीला डोळे लावून लीलंड. मी झारा हातात घेऊन खिडकीतून वाकले होते. शेवटच्या वळणापर्यंत सगळं नेहमीसारखं. आणि तिथे डॉयलनं मान वळवून मागे बघितलं. पुढच्याला गाठायची हौस त्याला कधी नव्हतीच, मागचा मागे आहे ना, एवढंच बघायचं असायचं. मान वळली तशी सायकलही वळली, आणि तो वळणाच्या बाहेरच्या मातीत भरकटला. लीलंडला त्याचं काय? त्याला पुढे एक पाठ दिसत होती, नारिंगी तर नारिंगी. तो खाली मान घालून आतल्या बाजूनं सरळ निघून गेला.

मर्लला अठ्ठावीस, तिसऱ्या आलेल्या डॉयलला एकोणीस; नऊ गुण गेले. पाटी दोन गुणांनी मर्लची झाली.

लीलंड धापा टाकत डॉयलपाशी आला. "आज काय पळालास रे डॉयल! तुझी पाठ नुसती लांब लांब जात होती."

फळ्यावर निकालाचा कागद लागला. लीलंडला तो नाकाशी धरला तरी वाचता येत नसे.

"मी कितवा?" त्यानं विचारलं.

डॉयल कागदासमोर उभा होता. पलीकडे मर्ल होता, खिडकीत मी.

"तिसरा," डॉयल म्हणाला.

"नेहमीचा," लीलंड म्हणाला, आणि खुशीत हेल्मेट काढायला लागला.

पहिला नंबर गेला तर गेला, पण आंधळ्या म्हाताऱ्याचा एक दुसरा नंबरही याच्या हातून सुटेना. मर्लनं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला त्याची पाटी मिळाली होती. मीही त्या वेळी गप्प बसले, ते माझं मला लागलंय. मंगळवारी मी लीलंडला फोन करून खरं सांगितलं, तोवर डॉयल गेलेला होता. सोमवारी सकाळी तो झोपेतून उठलाच नाही. लीलंड आधी रडला, मग म्हणाला, "तरीच. पाठ जरा बारीक वाटत होती." आणि रविवारी ट्रॅकवरून निघाल्यानंतरचं सगळं त्यानंच मला सांगितलं.

डॉयलनं माझ्या खिडकीशी आपल्या गुणांच्या वहीत स्वतःचे एकोणीस लिहिले. दोन्ही सायकली पिकअपमध्ये चढवून दोरीनं आवळल्या. माझ्याकडून एक रोल कागदात बांधून घेतला, लीलंडच्या रात्रीच्या जेवणाला. उलट्या दिशेला तीस मैल गेला. लीलंडची सायकल उतरवून त्याच्या घरामागच्या खोपटात लावली, पुढच्या चाकात हवा कमी होती ती भरली, आणि लीलंडला कडी दिसत नाही म्हणून खोपटाच्या दाराची कडी स्वतः घातली. मग नेहमीसारखा दोनदा हॉर्न वाजवून घरी गेला.