बर्गी सरदाराचं घंगाळ

काही माणसांच्या ओळखीने पुण्य साठतं, काहींच्या ओळखीने ओळखी वाढतात. माझ्याकडे नुसते किस्से साठले. ते मी गोळा केले नाहीत हो! कलकत्त्यात बदली होऊन आलेल्या मराठी साहेबांबरोबर दहा-बारा रविवार हिंडा, ते पलंगाखालच्या धुळीसारखे आपोआप साठतात.

माझा जन्म कलकत्त्यातल्या हाजऱ्याचा, नोकरी तिथल्याच शाळेत भूगोल शिकवण्याची. बंगाली मला मराठीइतकीच येते, आणि हाच माझा गुन्हा. बँकेतले, रेल्वेतले साहेब तीन वर्षांसाठी यायचे. पहिले सहा महिने माशाच्या वासाला नावं ठेवायचे आणि मग कोणीतरी सांगायचं, की इंग्रज जाताना इथे खजिने टाकून गेलेत. झालं! रविवार उजाडला की दारात हजर. "कुमुदताई, चला! तुमच्याशिवाय भाव कोण करणार?"

त्यात सगळ्यात पुढे बँकेतले परांजपे. खिशात भिंग. वस्तू दिसली की आधी भिंग, मग "हं!", आणि मग पाकीट. या क्रमात डोकं कुठेच यायचं नाही.

*

परांजप्यांच्या घरी त्यांची आई होती, माई. पंचाहत्तरीची, कानाने तीक्ष्ण, बोलायला कमी. बालीगंजच्या फ्लॅटमध्ये संगमरवरी टेबलं, पितळी दिवे, फुटक्या सुरया यांच्या मधून वाट काढत ती देवघरापर्यंत जायची. तिचं स्वतःचं म्हणाल तर एक तांब्याचं घंगाळ होतं, दोन कड्यांचं, पुण्याहून गोणपाटात बांधून आणलेलं. घरातली सगळी पोरं त्यातल्या पाण्याने न्हाली, असं ती सांगायची.

रस्त्यावरून "बिक्रीऽऽ" ओरडत जाणारा भंगारवाला असतो ना, त्याला परांजप्यांनी एका दुपारी ते घंगाळ देऊन टाकलं. स्वतःच्या हाताने! माई कीर्तनाला गेली होती. "इंग्रजी वॉशस्टँड ठेवायला जागा नको? आणि घरात गीझर असताना ही अडगळ कशाला?" हे शालिनीवहिनींनी मला स्वयंपाकघरात, नळ सोडून, हळू आवाजात सांगितलं.

माईला सांगितलं, कडी निखळली होती, डागून आणायला दिलंय.

त्यानंतर दर आठवड्याला माई विचारायची, "मधू, घंगाळ आलं का रे?" मधू म्हणजे आपले भिंगवाले परांजपे. ते पेपरात तोंड घालून म्हणायचे, "येईल, येईल."

वर्ष उलटलं. माई एकदा म्हणाली, "एवढा मोठा हावड्याचा पूल उभा केला या लोकांनी, आणि एक कडी डागून होईना?"

*

पाडव्याचं जेवण परांजप्यांकडे होतं. मधोमध टेबलावर चिनी मातीचं भलंमोठं भांडं, गुलाबी फुलांचं, सोनेरी काठाचं. त्यात कढी. आदल्याच रविवारी लिलावात घेतलेलं. भाव करायला मीच होते, आणि लिलाववाला माझ्याकडे बघून का हसत होता तेही मला कळलं होतं. पण परांजप्यांनी मला विचारलं नाही. भिंगाला विचारलं.

"याला एकच कान कसा हो?" शालिनीवहिनींनी विचारलं.

"इंग्रज एका हातानेच धरायचे. दुसऱ्या हातात काटा असायचा!"

सगळ्यांनी कढी दोन-दोनदा घेतली. मी म्हटलं, मला सर्दी आहे.

पुढे बँकेतल्या मोठ्या साहेबांची बायको चहाला आली. आठ वर्षं लंडनला राहिलेली बाई. टेबलावरच्या त्या भांड्याकडे तिने बराच वेळ पाहिलं, मग शालिनीवहिनींचा हात हातात घेऊन अगदी मायेने विचारलं, "घरात कोणाला रात्री उठून मोरीपर्यंत जाववत नाही का? फार आजारी आहेत का?"

*

दुसरे देवधर. रेल्वेतले, शेलाटे, गरीब स्वभावाचे, परांजप्यांच्या मागे मागे चालणारे. रसेल स्ट्रीटच्या लिलावात रविवारी सकाळी गर्दी मावत नसे. त्यात लोडशेडिंग. पंखे बंद, माणसं घामाने निथळताहेत, आणि लिलाववाला मेणबत्ती लावून जोरात आकडे ओरडतोय. दारात एक माणूस ताडाच्या पानांचे हातपंखे विकत होता. देवधरांनी एक घेतला आणि जोरजोरात वारा घेऊ लागले.

दर वाऱ्याला लिलाववाला त्यांच्याकडे बघून आनंदाने मान डोलवत होता! मी खुणा करतेय, तर देवधर मलाही पंखा हलवून दाखवताहेत.

हातोडा पडला. देवधरांना मिळाली दंतवैद्याची खुर्ची. लोखंडी, पायाने दाबली की वर-खाली होणारी, वर दिव्याच्या दांडीसकट.

"घ्यायचीच होती मला," देवधर म्हणाले. एवढा खोटा अभिमान मी आयुष्यात पाहिला नाही. खुर्ची आली आणि दिवाणखान्यात बसली. सौ. देवधर अजूनही तिच्यात बसूनच मटार सोलतात. म्हणतात, पाठीला फार बरं वाटतं.

*

याच देवधरांना बराकपूरच्या एका जुन्या बंगल्यात उभं घड्याळ सापडलं. पुरुषभर उंच, बंद पडलेलं. मालकीण म्हातारी, गोरी, खरं बोलणारी बाई. तिने स्पष्ट सांगितलं, "हे चालत नाही. माझ्या लग्नापासून चाललेलं नाही."

"चालायला कशाला हवंय? जुनं आहे ना?" देवधर म्हणाले.

घड्याळाला ओरखडे पडू नयेत म्हणून देवधरांनी ते पांढऱ्या चादरीत गुंडाळलं, बांबूंना सुतळीने बांधलं, आणि चार हमालांच्या खांद्यावर देऊन स्टेशनची वाट धरली. पुढे देवधर, घामाने आणि काळजीने चेहरा पडलेला. मागे मी.

रस्त्यातले लोक बाजूला होऊ लागले. मिठाईवाल्याने हात जोडले. एका म्हाताऱ्याने चपला काढल्या, आणि कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "बोलो हरि, हरि बोल!"

बंगालात प्रेत नेताना असं म्हणतात. देवधरांना वाटलं, लोक किती भाविक! त्यांनीही हात जोडून सगळ्यांना "हरि हरि!" केलं. मी सांगणार होते, पण इतका मान त्यांना आयुष्यात परत मिळेल असं मला वाटेना.

स्टेशनच्या वळणावर एका हमालाचा पाय खड्ड्यात गेला. आणि चादरीच्या आतून घणघणीत ठोके पडायला लागले! एक, दोन, तीन...

हमाल पळाले. मिठाईवालाही पळाला. रस्त्याच्या मधोमध चादरीतलं घड्याळ अकरा वाजवत पडलं होतं, आणि शेजारी देवधर आनंदाने ओरडत होते, "कुमुदताई, चालतंय! चालतंय!"

*

हावड्याला माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांचा ओतकामाचा लहानसा कारखाना होता. दहावीचा निकाल लागला म्हणून त्यांनी मला जेवायला बोलावलं. अंगणात ओळीने जहाजाच्या घंटा गार व्हायला ठेवलेल्या. तशीच एक घंटा परांजप्यांच्या बैठकीत टांगलेली होती, आणि ती समुद्राच्या तळातून काढलीय असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

मी म्हटलं, "माझ्या ओळखीच्या एका साहेबांना या फार आवडतात."

त्या सज्जन माणसाने लगेच पाटी-पेन्सिल काढली. "आणा ना त्यांना, दिदिमणी! कोणतं साल घालू?"

*

आता हालदारबाबू. फ्री स्कूल स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत यांचं दुकान. दुकान कसलं, बोळकांडी! मागे एक चिखलाचा खड्डा. हालदारबाबू नवी पितळी वस्तू आणत, तिला काजळी, शेण आणि आंबट काहीतरी फासून खड्ड्यात पुरत, आणि हंगाम उलटला की शंभर वर्षं जुनी करून वर काढत. हे ते माझ्यापासून लपवत नसत. "दिदिमणी तर इथल्याच," म्हणायचे.

परांजप्यांचा एक सिद्धान्त होता. जुनी वस्तू कधी घासायची नाही! तो काळेपणा म्हणजे तिचं वय. त्यांच्या घरात मोलकरणीला राख वापरायची बंदी होती. हालदारबाबूंना असं गिऱ्हाईक देवानेच दिलं होतं.

त्या रविवारी परांजपे खुशीत होते. लेक सुनंदा बाळंतपणाला माहेरी आली होती, मुलगी झाली होती, दुसऱ्या रविवारी बारसं. बारशाला बँकेतले घोषसाहेब येणार होते, आणि त्यांना दाखवायला काहीतरी जबरदस्त हवं होतं. घरात माईने मात्र अन्नावरची वासना सोडली होती. शालिनीवहिनी म्हणाल्या, रोज एकच विचारतात. पणतीला कशातल्या पाण्याने न्हाऊ घालू? पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बादलीकडे बघतात आणि डोळे पुसतात. मला ते ऐकून परांजप्यांचा असा राग आला, की त्यांचं भिंग हुगळीत फेकावंसं वाटलं.

दुकानाच्या कोपऱ्यात काळंकुट्ट काहीतरी पडलं होतं. दोन कड्या. बंगाली घरात असलं भांडं मी कधी पाहिलेलं नाही. मी खाली बसले आणि काठाखालून बोट फिरवलं. काजळीखाली ठिपके लागले, ठिपक्यांची अक्षरं. मी बोट काढून घेतलं.

"हे कुठून आणलंत?" मी हालदारबाबूंना बंगालीत विचारलं.

"कोणी बिक्रीवाल्याने दिलं, बालीगंजकडून. काय आहे ते मलाच माहीत नाही. काजळी फासली, पुरलं, झालं."

मागून परांजपे भिंग काढत आले. "काय म्हणतोय तो?"

आता हा माणूस आईचं घंगाळ पैसे देऊन घरी नेईल? शक्यच नाही! मी उठले, पदराला बोट पुसलं आणि म्हटलं, "ते म्हणतात, हे बर्गींचं आहे."

बर्गी म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी बंगाल लुटायला आलेले आपले मराठे स्वार. अजून इथे पोर झोपेना झालं की त्यांची भीती घालतात. परांजप्यांची छाती फुगली.

"सरदाराचं असणार!" ते म्हणाले.

"सरदाराचंच," मी म्हटलं. "अंघोळीचं."

त्यांनी भिंगातून घंगाळाचं पोट पाहिलं, कड्या पाहिल्या, मग म्हणाले, "हं! आजकाल अशी घडण कुठे बघायला मिळते?" ज्यातल्या पाण्याने हा माणूस मॅट्रिक होईपर्यंत न्हाला, ते घंगाळ! हालदारबाबू माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

घंगाळ संगमरवरी टेबलावर बसलं. बँकेतल्या टायपिस्टकडून चिठ्ठी करून घेतली, 'बर्गी सरदाराचे स्नानपात्र'. माई खोलीतच पडून होती, तिने बाहेर येऊन बघितलंही नव्हतं. बारशाच्या आदल्या दिवशी मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"माई, घरात चिंच आहे का?"

"आहे की. का गं?"

"काही नाही. बाहेर टेबलावर एक भांडं आहे. फार कळकटलंय."

*

बारशाच्या दिवशी सकाळी परांजपे घोषसाहेबांना घेऊन आले. जिन्यातच बर्गींचा इतिहास सुरू झाला होता. देवधर होते, मी होते. दार उघडून परांजप्यांनी टेबलाकडे हात केला, "आणि हे पाहा..."

टेबलावर नुसती चिठ्ठी होती.

मागच्या व्हरांड्यातून पाण्याचा आवाज येत होता. आम्ही सगळे तिकडे गेलो. उन्हात पाटावर माई पाय लांब करून बसली होती, पायांवर पणती पालथी. शेजारी घंगाळ, नुकत्या पाडलेल्या नाण्यासारखं लखलखीत, आणि त्यातून वाफा निघत होत्या. शालिनीवहिनी चिंचेचा चोथा गोळा करत होत्या. मान वर करत नव्हत्या.

"माई!" परांजपे ओरडले. "अगं, घासलंस? हे घासलंस तू? दोनशे वर्षं जुनं आहे ते! त्याचं वय गेलं सगळं!"

माईने बाळाच्या पाठीवर पाणी घातलं.

घोषसाहेब वाकून बघत होते. काठाखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उन्हात चमकत होती. त्यांनी अक्षरांवर बोट ठेवून मला विचारलं, "की लेखा आछे, दिदिमणी?"

इतक्या वर्षांत या मंडळींसाठी मी एकाही वाक्याचं धड भाषांतर केलेलं नव्हतं. त्या दिवशी केलं. आधी मराठीत मोठ्याने वाचलं, मग बंगालीत, शब्दाला शब्द ठेवून:

"चि. मधुकर यास बारशाप्रीत्यर्थ आजोळहून सप्रेम भेट."

देवधरांनी पिशवीतला पंखा काढला, आणि परत ठेवला.

माईने मान वर केली नाही. तिने बाळाला अलगद उताणं केलं, पाण्यात कोपर बुडवून पाहिलं आणि म्हणाली,

"मधू, उभा काय राहिलास? शेगडीवरचं गरम पाणी आण. हे निवत चाललंय."