तात्यांचं अर्थिंग

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. दुकानात बारा वर्षं शेजारी बसणाऱ्या भागीदारालाही नाही. आज सांगायला बसलोय खरा — पण धड सांगता येईल का? बघू.

महाडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. जळलेलं मशीन घेऊन कुणी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला — घरी अर्थिंग आहे का? सवयीनं विचारतो. आणि दर वेळी, विचारून झालं की गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता स्क्रू काढायला लागतो.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, कुडपणच्या अंगाला. घरटी एक माणूस मुंबईत. दोन हजार सालाच्या आसपास वाडीच्या मुंबईतल्या मंडळानं शाळेला एक कॉम्प्युटर दिला. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना, एकशेसहासष्ट मेगाहर्ट्झचा. मी तेव्हा महाडला कॉलेजात होतो, सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा क्लासही केला होता, म्हणून तो माझ्या ताब्यात आला. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो होतो मी.

शाळेत लाईट होती ती एका बल्बापुरती. कॉम्प्युटरसाठी सगळं वायरिंग केलं धोंडूतात्यांनी. मुंबईत तीस वर्षं वायरमन म्हणून राबून तात्या वाडीला परतले होते. "पोरांचं काम हाय" म्हणाले आणि चार दिवस खपले. अर्थिंगसाठी शाळेमागे कातळ लागेपर्यंत खड्डा खणला, त्यात तांब्याची पट्टी पुरली, वर कोळसा आणि मीठ — एक थर याचा, एक त्याचा, लोणच्याची बरणी भरावी तसे. तात्यांची एकच इच्छा उरली होती. ग्रामदेवतेच्या देवळाचं नवं वायरिंग आपल्या हातून व्हावं. मंडळ शिमग्याच्या बैठकीत ते काम कुणाला द्यायचं हे ठरवणार होतं, आणि ते तात्यांनाच मिळणार हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगत होतं.

आता माझं सांगतो.

क्लासमध्ये एका मासिकात वाचलं होतं की जुना प्रोसेसर आहे त्याहून वेगानं पळवता येतो. मदरबोर्डवर नखाएवढ्या टोप्या असतात, त्यांना जंपर म्हणतात. त्या एका जागेवरून काढून दुसरीकडे बसवायच्या, झालं. शिमग्याला मुंबईकर येणार, त्यांच्यासमोर मशीन झटकन चालावं आणि कुणीतरी विचारावं, हे कुणी केलं रे? — एवढ्यासाठी. दुसरं काही कारण नव्हतं. पौषातल्या एका दुपारी मी टोपी हलवली. एकशेसहासष्टाचे दोनशे झाले. चाललं की! तिथं थांबावं ना माणसानं? दोनशे तेहतीसवर मशीन सुरू होईना, तेव्हा मी प्रोसेसरचं व्होल्टेजही एक पायरी वाढवलं. सुरू झालं.

त्याच लेखात लिहिलं होतं — व्होल्टेज वाढवाल तर आधी मोठा पंखा बसवा. ती ओळ माझ्या नजरेतून सुटली नव्हती. मी वाचली होती. पण पौषात आमच्या पठारावर दुपारीही घोंगडं लागतं. प्रोसेसरवरच्या पत्र्याला बोट लावून पाहिलं, नुसता कोमट. म्हटलं, आपल्याकडे कसला पंखा लावायचाय!

शिमगा आला. तापलेल्या पत्र्याखालची खोली, भर दुपार, आत पन्नासेक माणसं, कॅबिनेटला हळदकुंकू आणि झेंडूचा हार. दहा-बारा मिनिटं मशीन छान चाललं. मग चित्र गोठलं, जळका वास आला आणि पडदा काळा पडला. पुन्हा काही ते उठलं नाही.

सगळे पांगल्यावर मी दार लावून कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरखाली तपकिरी डाग होता. मला सगळं कळलं — आणि मी काय केलं? टोप्या काढून मूळ जागी बसवल्या. चिमट्यानं, नीट. ते कुणी शिकवलं होतं मला?

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे बैठक बसली. मंडळाच्या अध्यक्षांनी मलाच विचारलं, कशानं गेला रे? तात्या समोरच खांबाला टेकून बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. म्हटलं, "अर्थिंग बरोबर नसंल."

तीन शब्द. करून सवरून नामानिराळा झालो.

तात्यांना कुणी एका शब्दानं बोललं नाही. नुसत्या माना त्यांच्याकडे वळल्या आणि पुन्हा सरळ झाल्या. देवळाचं काम महाडच्या एका वायरमनला गेलं.

आठ दिवसांनी तात्यांनी मला शाळेमागे बोलावलं. चोराच्या मनात चांदणं — वाटलं, यांना कळलं. गेलो तर त्यांनी तो अख्खा खड्डा पुन्हा उकरला होता. साठीतला माणूस, घामानं निथळत आत उभा. हातात तांब्याची पट्टी. "बघ रे बाला, हाय का कुठं चूक? मला तर दिसत नाय." मी वाकून पाहिलं. खरंच वाकलो, पट्टी हातात घेतली, उलटसुलट केली, तज्ज्ञासारखी. आणि परत त्यांच्या हातात दिली. तात्यांनी ती पुसून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तू शिकलेला. तुला कलतंय तेच खरं. माजाच हात चुकला आसंल."

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? खड्डा बुजवायला मी त्यांना मदत केली. त्यानंतर तात्यांनी पकड हातात धरली नाही. कुणी बटण दुरुस्त करायला बोलावलं तरी म्हणायचे, नको, माझा भरवसा नाय.

तीन वर्षांनी मंडळानं शाळेला दुसरा कॉम्प्युटर दिला. तो बसवायला मीच महाडहून एका वायरमनला घेऊन वर गेलो. त्यानं मीटर लावून अर्थिंग तपासलं, दोनदा तपासलं, आणि मला विचारलं, हे काम कुणी केलंय हो? असं झकास अर्थिंग आता कुणी करत नाही.

तात्या तेव्हा हयात होते. त्यांचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर, आणि ते पडवीत बसलेले मला खिडकीतून दिसत होते. मी वायरमनला म्हटलं, जुनं आहे, कुणी केलं माहीत नाही. आणि प्लग लावला.