गाडी जुना फोन विसरत नाही

जुनी गाडी विकली की किल्ली जाते, कागद जातात. किस्सा मात्र आमच्याकडेच राहतो!

धुळ्यात हायवेला लागून माझं जुन्या गाड्यांचं दुकान आहे. मी चौथीपर्यंत शिकलो. इंजिन आवाजावरून ओळखतो. ब्लूटूथचं काम वायरिंगवाल्या सलीमचं. गिऱ्हाईक माझी नात वैशाली सांभाळते. ती गाड्या विकते म्हणून दोन स्थळं परत गेली. "काम सोडणार नाही," असं ती तोंडावर सांगते. माझ्या जिवाला तेवढा एकच घोर.

एक आधीच सांगतो. गाडीनं एकदा फोन ओळखला की ती विसरत नाही. फोन जवळ आला की आपोआप जोडून घेते. मग बोलणं कानात नाही, गाडीत होतं. म्हणून विकण्याआधी सलीम जुनं नाव पुसतो.

*

एकदा पुसायचं राहिलं. पिंपळनेरचे दगाभाऊ हार-नारळ घेऊन गाडी न्यायला आले. नारळ फुटला, गाडी सुरू झाली आणि पडद्यावर पप्पूचं नाव! गाडी जुन्या मालकाचा फोन शोधत होती.

दगाभाऊ खाली उतरले. "नारय मना, नि नाव पप्पूनं?"

सलीमनं नाव पुसलं. "भाऊ, आता तुमचं टाकू?"

"मनं नको. मना बापनं टाक. गाडीले धाक ऱ्हाई!"

*

जळगावच्या एका गुरुजींच्या गाडीत कॅसेटचा टेप होता. मुलानं हट्टानं ब्लूटूथचा बसवून घेतला. दुसऱ्याच दिवशी गाडी परत. "आवाज येत नाही."

सलीमनं टेप उघडला. आत भजनाच्या कॅसेटची नुसती फीत. गुरुजी म्हणाले, "अख्खी कॅसेट मावेना. म्हणून सोलून घातली."

*

मिश्रीलालशेठ आमचे दलाल. भाव तोंडानं कधीच बोलत नाहीत. बैलबाजारासारखा रुमाल टाकायचा आणि त्याखाली गिऱ्हाइकाची बोटं दाबायची, जितकी बोटं तितके हजार.

एकदा असाच त्यांच्याच गाडीत बसून सौदा चालला होता. तेवढ्यात त्यांच्या भावाचा फोन आला आणि चारही स्पीकर बोलले, "एवढं ताणू नको! दोन बोटं कमी केलीस तरी आपल्याला परवडतं!"

शेठनी रुमाल उचलला आणि झटकन स्पीकरवर टाकला.

*

एरंडोलच्या भास्कररावांनी आम्हाला त्यांची गाडी विकली. वैशालीनं भाव असा पाडला की पैसे कमी मिळूनही गडी तिच्यावर खूश! महिन्याभरात मुलाला घेऊन तिला बघायलाच आले. गुडघे धरल्यामुळे त्यांची बायको घरीच राहिली.

ती गाडी आम्ही घरी वापरायला ठेवली होती. विकायची नव्हती, म्हणून सलीमच्या हाताखालून गेलीच नाही.

पोहे झाले, चहा झाला. काम सोडण्याचं कोणी विचारेना. मी वाटच बघत होतो. एवढ्यात गल्लीत दुधाचा टेम्पो अडला. वैशाली गाडी बाजूला घ्यायला उठली, मी तिच्या मागोमाग. भास्करराव अंगणात उभे राहून घरी फोन लावत होते.

गाडी सुरू झाली आणि भास्करराव ओरडायला लागले, "हॅलो! हॅलो!" त्यांना काहीच ऐकू येईना.

बाईंचा आवाज आमच्या गाडीत आला. "अहो, कशी आहे मुलगी? ते गाड्यांचं काम सोडणार का, विचारलंत का?"

मी बाहेरून उघड्या काचेतून वैशालीला खूण केली, गप्प बस.

"नाही सोडणार, काकू," वैशाली म्हणाली.

"कोण बोलतंय?"

"मीच, वैशाली. तुमच्याच गाडीत बसलेय."

अंगणात "हॅलो! हॅलो!"

मग बाई म्हणाल्या, "बरं. सासरी येताना तीच गाडी घेऊन ये. विकताना मला कोणी विचारलं नव्हतं!"