पहिल्यांदा ते जिंदाबादच म्हणाले

“काका, तुम्ही गर्दी करा,” मॅडम म्हणाल्या. “तुम्हाला पाठ करायचं काही नाही. नुसतं ओरडायचं. आधी एकाच्या नावाने, मग दुसऱ्याच्या.”

सगळे हसले. माझ्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसतात. ते म्हणाले, “काकांना घ्याच. वॉचमनला इंटरकॉम लागणार नाही.” पुन्हा हसले. मीही हसलो.

माझा हात तेव्हा वर होता. नाटकातल्या मित्राचं काम कोण वाचणार, असं मॅडमनी विचारलं होतं. कटात सामील होणारा तो मित्र. मी हात वर केला. मॅडमनी तो पाहिला, आणि काम पलीकडच्या डॉक्टरांना दिलं. मी डोकं खाजवत हात खाली घेतला.

मुलुंडला आमच्या टॉवरच्या क्लब हाउसमध्ये शनिवारी सकाळी हा वर्ग भरतो. म्हाताऱ्यांसाठी. मॅडम कॉलेजात साहित्य शिकवायच्या. लिफ्टमध्ये कागद लागला होता, तो वाचून सून म्हणाली, “जा ना बाबा. घरात भिंतीशी बोलत बसता त्यापेक्षा बरं.” भिंतीशी बोलतो हे खरं आहे.

नाटक जुनं, परक्या देशातलं, मराठीत आणलेलं. एक मोठा माणूस असतो, लोकांचा लाडका. त्याच्याच जवळची माणसं कट करून त्याला मारतात. मग चौकात येऊन लोकांना सांगतात, हे तुमच्याच भल्यासाठी केलं. लोक मान डोलावतात. दुसरा येऊन बोलतो, तर लोक उलटे फिरतात.

“पाहिलंत?” मॅडम म्हणाल्या. “काल ज्याच्या नावाने नाचत होते, आज त्याच्या मारेकऱ्यांना खांद्यावर घेतात. जनतेला डोकं नसतं. या नाटकाचा गाभाच तो आहे.”

सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मला गप्प बसवेना.

“मॅडम, लोक असे आपोआप फिरत नाहीत.”

“बरोबर. वक्ता फिरवतो.”

“वक्ता नाही. गर्दीतला एक जण आधी ओरडतो. त्याला सांगून ठेवलेलं असतं.”

“काका, ही गेट मीटिंग नाही,” त्या म्हणाल्या. “अभिजात नाटक आहे.”

गेट मीटिंग हा शब्द त्यांना मीच दिला होता. पहिल्या दिवशी ओळख करून देताना मी सांगितलं होतं, हा टॉवर उभा आहे तिथे आमची कंपनी होती. मी भट्टी खात्यात होतो. गेटवर युनियनची सभा व्हायची, त्या गेट मीटिंगला घोषणा द्यायचो. तेव्हाही कुणीतरी म्हणालं होतं, “वा, म्हणजे तुम्ही इथले मूळ रहिवासी.”

घरी आलो. जेवण गेलं नाही. आमच्या गॅलरीतून खाली सोसायटीचं गेट दिसतं. कंपनीचं गेट तिथेच होतं. शेजारी दत्ताचं देऊळ आहे, ते आम्ही कामगारांनी बांधलेलं. बिल्डरने सगळं पाडलं, देवळाला हात लावायला घाबरला. देवळातली घंटा आम्ही आमच्या भट्टीत ओतली होती. रोज आरतीला ती वाजते, आणि रोज मला वाटतं आता शिफ्ट सुटेल. माणसं गेटकडे येतील. मला घोषणा द्यावी लागेल.

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नाही. ती आता नाही. आज लिहितो.

परबदादा आमच्या युनियनचे अध्यक्ष. मालवणकडचे, आमच्याच बाजूचे. बुटके. गेट मीटिंगला स्टुलावर उभे राहिले तरी मागच्यांना फक्त टोपी दिसायची. पण आमचा एकही माणूस त्यांच्या शब्दाबाहेर नव्हता. ते बोलायच्या आधी मी घोषणा द्यायची, हे ठरलेलं. भट्टीजवळ काम करणाऱ्याला ओरडूनच बोलावं लागतं. माझा आवाज तिथे तयार झालेला.

घोषणेचं एक असतं. नाव घ्यायचं, शेवटचं अक्षर ओढायचं आणि थांबायचं. तेवढ्या जागेत लोक उडी घेतात. मी “परबदादा” म्हणायचो, आणि समोरून “जिंदाबाद” यायचं. शेडचे पत्रे हलायचे. वर्षानुवर्षं हेच.

मग संप ठरायची वेळ आली. त्याच दिवसांत फोरमनने मला आईवरून शिवी दिली, आणि मी हातातली भट्टीची सांडशी फेकून मारली. त्याच्या खांद्याला लागली. कंपनी पोलिसात जाणार होती. मी दादांच्या घरी गेलो. रडलो. लेक तान्ही होती माझी.

“गप रव,” दादा म्हणाले. “कोणाक सांगा नको. मी बघतंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटे मॅनेजरच्या बंगल्यावर गेले. मॅनेजर निघायच्या घाईत होता. “बसा गाडीत, वाटेत बोलू,” म्हणाला. दादा बसले. केस मिटली. मला नुसती ताकीद मिळाली. पण नाक्यावर गाडीतून उतरताना दादांना आमच्यातल्या कुणीतरी पाहिलं.

वैद्य टाइम ऑफिसमध्ये, हजेरी लागते तिथे, कारकून होता. युनियनचा सेक्रेटरी. वकिलाशी इंग्रजीत तोच बोलायचा. दादांच्या जागेवर त्याचा डोळा होता हे सगळ्यांना माहीत होतं, दादांनाही. त्याला ती गाडी पुरली. संपाच्या तोंडावर अध्यक्ष मॅनेजरच्या गाडीत. आणखी काय पाहिजे.

टाइम ऑफिसात आम्ही भट्टीवाले खिडकीबाहेर उभे राहायचो. कपड्यांची काजळी खुर्चीला लागते म्हणून. नवीन होतो तेव्हा एकदा न कळून आत जाऊन बसलो होतो. शिपायाने मला उठवून ती खुर्ची माझ्यासमोर रॉकेलच्या बोळ्याने पुसली. वैद्य रजिस्टरमध्ये डोकं घालून होता. म्हणाला, “पाय पण पूस रे तिचे.”

त्याच वैद्यने मला आत बोलावलं. स्वतः उठून खुर्ची ओढली.

“बसा.”

मी उभाच.

“अहो बसा हो. चहा घ्या.”

कपबशीतला चहा. आम्हाला ग्लास असायचा, नळावर विसळून ठेवलेला. कपबशी धरायची सवय नव्हती, थोडा चहा बशीत सांडला.

“परबांचं तुम्ही ऐकलंच असेल,” वैद्य म्हणाला. “मला दुःख आहे. पण कामगारांना सत्य कळलं पाहिजे. उद्या मी बोलेन. तुम्ही फक्त आवाज द्या. तुमच्या आवाजाला किंमत आहे. तुमच्यासारखा माणूस कमिटीत पाहिजे.”

मी सांगू शकत होतो, दादा माझ्यासाठी गेले होते. सांगितलं असतं तर सांडशीचं प्रकरण पुन्हा वर आलं असतं. ती भीती होती. पण आज लिहायला बसलोय तर सगळं लिहितो. भीतीने मी अर्धा गप्प बसलो. उरलेला अर्धा त्या खुर्चीने. ऑफिसातल्या माणसाने मला अहो म्हटलं होतं. मी चहा प्यालो. बशीतला सांडलेलाही प्यालो.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटली. गेटवर माणूस मावत नव्हता. दादा स्टुलाजवळ उभे होते. वैद्यने त्यांना चढू दिलं नाही, स्वतः चढला. गाडीचं सांगितलं. मग त्याने माझ्याकडे बघून चष्मा काढला. ती खूण होती.

मी “परबदादा” म्हणालो. शेवटचं अक्षर ओढलं. थांबलो.

समोरून आलं, “जिंदाबाद.”

सगळ्यांच्या तोंडून. सवयीने. गाडीचं ऐकून झालं होतं तरी. काही जण मग एकमेकांकडे बघायला लागले. वैद्यचा चेहरा पडला. दादा हसले. खरंच हसले, आपली पोरं आहेत अशा भावनेने.

तिथे मला थांबता आलं असतं. दुसरी घोषणा घेता आली असती. लोकांनी मला वाट करून दिली होती.

मी पुन्हा “परबदादा” म्हणालो, आणि या वेळी थांबलो नाही. पुढचा शब्द स्वतःच ओरडलो. मुर्दाबाद. तरी थोडेच जण बोलले. तिसऱ्यांदा मी नाव घेतलं, हात वर केला, तेव्हा सगळे आले. पत्रे तसेच हलले.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलले असते तर मी त्या गर्दीतून धड बाहेर आलो नसतो. “मी याच्यासाठी गेलो होतो,” एवढंच. ते बोलले नाहीत. टोपी काढली, घडी करून खिशात ठेवली, आणि चालत गेले. गर्दीने वाट दिली. कुणीतरी थुंकलं.

पुढचं थोडक्यात. मी कमिटीत गेलो. संप फसला. पुढे कंपनी बंद पडली, जमीन विकली गेली. दादा भांडुपला एका गोडाऊनवर रखवालदारी करत वारले. मयताला कंपनीतलं कुणी गेलं नाही. मीही नाही. माझ्या मुलाने घर घेतलं तेव्हा पत्ता ऐकून मी म्हणालो, दुसरीकडे बघ. तो म्हणाला, “काय प्रॉब्लेम आहे बाबा, झकास जागा आहे.” काय सांगणार. तेव्हापासून गॅलरीतून गेट बघतो. मला मुर्दाबाद ऐकू येत नाही. तो पहिला जिंदाबाद ऐकू येतो. एवढ्या माणसांचा.

आणि मॅडम म्हणतात, जनतेला डोकं नसतं.

नाटकाचं वाचन गेल्या शनिवारी होतं. सोसायटीतले बरेच जण आले होते. मला कडेला उभं केलं होतं, सोबत दोन बायका. आम्ही तिघं गर्दी. चौकातला प्रसंग आला. डॉक्टरांचं भाषण संपलं. मॅडमनी माझ्याकडे बोट केलं.

मी तोंड उघडलं नाही.

त्यांनी पुन्हा बोट केलं. त्या दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी आधी ओरडल्याशिवाय त्या ओरडणार नव्हत्या. तसंच असतं.

“काका, तुमचं वाक्य.”

“मी नाही ओरडणार.”

“अहो, एवढंच तर काम आहे तुम्हाला.”

“म्हणूनच.”

बँकवाले म्हणाले, “काकांना मानधन पाहिजे वाटतं.” लोक हसले. मी नाही हसलो. चप्पल घातली, बाहेर आलो. मागे मॅडम म्हणत होत्या, चला, आपण गर्दी गृहीत धरू.

गेटवर रिक्षा केली आणि नाहूरला गेलो. परबवहिनी तिथे लेकीकडे राहतात हे मला माहीत होतं. कायम माहीत होतं. लेकीने दार उघडलं, तिने मला ओळखलं नाही. वहिनींनी ओळखलं. खाटेवर बसल्या होत्या, पाय सुजलेले. बस म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. सांडशी, गाडी, खुर्ची, घोषणा.

“वहिनी, माका म्हायत होता,” मी म्हणालो. “ते माझ्यासाठी गेले होते.”

“माका पण म्हायत होता,” त्या म्हणाल्या.

मला कळेना.

“त्याच राती माका सांगल्यानी. म्हणाले, त्येची लेक बारकी आसा, खंय बोलू नको. मी नाय बोललंय. वाट बघलंय. तू येशीत म्हणान.”

लेक दारात उभी होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. बाप विकला गेला होता, एवढंच ऐकत ती वाढली. ती माझ्याकडे बघत होती. तिच्याकडे मला बघवलं नाही. मी वाकलो, वहिनींच्या पायाला हात लावायला. त्यांनी पाय मागे घेतले.

“माका कित्याक सांगतंस? जंय बोंब मारलंस थंय जावन सांग.”

जिथे ओरडलो, तिथेच जाऊन सांगायचं होतं. पाणी दिलं नाही. बरोबर केलं.

पुढच्या आठवड्यात दत्तजयंती आहे. कंपनी गेली तरी जुने कामगार त्या दिवशी देवळात येतात. डोंबिवलीहून, विरारहून, काठी टेकत. आरती होते, महाप्रसाद होतो. वैद्य देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष आहे. त्याला पुढे खुर्ची असते. दर वर्षी तो मला शेजारी बसायला बोलावतो, आणि मी दर वर्षी बसलो आहे.

या वर्षी तिथे सगळ्यांसमोर बोलणार, असं मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “बाबा, इतक्या वर्षांनी कशाला? आपल्याला इथे राहायचंय.” मी म्हटलं, तुला राहायचंय तर राहा. वैद्यचाही फोन आला. कुणीतरी त्याच्या कानावर घातलं असणार. म्हणाला, “अहो, जुनं उकरू नका. या, शेजारी बसून जेवू.” मी म्हटलं, “मी उभा राहणार आहे.”

आरती संपली की मी गेटपाशी जाईन. सकाळी गॅलरीत घसा तापवतो आहे. आवाज अजून आहे. वहिनींच्या लेकीला निरोप पाठवला आहे. येईल की नाही, माहीत नाही.

आधी सांडशीपासून चष्म्यापर्यंत सगळं सांगेन, काही न गाळता. मग दादांचं नाव घेईन. शेवटचं अक्षर ओढून थांबेन. समोरून जे येईल ते येईल. काही आलं नाही तर पुन्हा घेईन, येईपर्यंत.

त्यानंतर माझं नाव घेईन. तसंच ओढून. आणि थांबेन. त्याच्यापुढे काय म्हणायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं. या वेळी शब्द मी देणार नाही.