गोलकीपर बिरागो आणि चढावर तापलेली ट्रोट्रो

घानातल्या कुमासी शहराच्या सुआमे भागात गल्लोगल्ली गॅरेजं. तिथेच बिरागो मामाच्या हाताखाली इंजिनं खोलायला शिकली. दिवसा हातात पाना, संध्याकाळी मुलींच्या संघात गोलकीपर. आई वैतागायची, "एकतर काळी होऊन येतेस, नाहीतर खरचटून!"

त्या शनिवारी ओबुआसीला अंतिम सामना होता. सगळा संघ ट्रोट्रोत, म्हणजे भाड्याच्या मिनीबसमध्ये, कोंबून बसला, गात, टाळ्या पिटत निघाला. घाटाच्या चढावर इंजिनाच्या तापमानाचा काटा तांबड्यात गेला आणि बॉनेटमधून फस्सकन वाफ उसळली. गाणं जागीच थांबलं.

ड्रायव्हर दुआ फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला धावला.

"मास्टर, हात काढा!" बिरागो खिडकीतूनच किंचाळली. "तोंड भाजून घ्यायचंय का?"

दुआ मटकन खाली बसला. "हेड गॅस्केट गेलं गं, इंजिनाचं सीलच फुटलं. आटोपला खेळ."

"गेलं असतं तर सायलेन्सरनं पांढरा धूर ओकला असता. मागेच बसले होते मी, दिसला नाही." तिनं ऑईलची पट्टी ओढून पाहिली. तेल काळंच होतं, दुधाळ झालं नव्हतं, म्हणजे त्यात पाणी शिरलं नव्हतं. पाणी कुठे गळत नव्हतं, पंख्याचा पट्टाही घट्ट होता. मग तिनं हात हळूच रेडिएटरच्या खालच्या नळीवर ठेवला आणि तिचे डोळे चमकले. इंजिन भट्टीसारखं पेटलेलं, पण नळी गारच! "पाणी रेडिएटरपर्यंत पोचतच नाहीये. थर्मोस्टॅट, पाणी सोडणारी झडप, बंदच्या बंद अडकलाय!"

"मग आता?"

"काढून टाकू. आजच्यापुरती त्याच्याशिवाय पळेल."

इंजिन निवेपर्यंत मुली रस्त्यावर येरझाऱ्या घालत राहिल्या. मग बिरागोनं दोन बोल्ट सोडवले आणि तो गंजका तुकडा उपटून काढला. जुनं पॅकिंग फाटलं, तेव्हा बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, ग्रीस चोपडून बसवला. उरलं पाणी. तिनं संघाच्या पाण्याच्या पिशव्यांना हात घातला.

"अगं, ते प्यायचं आहे!" प्रशिक्षक येबोआबाई ओरडल्या.

"बाई, आधी गाडीची तहान!"

दुआनं चावी फिरवली. काटा वर चढला, मध्यावर येऊन थांबला आणि तिथेच राहिला. मुलींनी असा गलका केला की झाडावरचे पक्षी उडाले.

ते पोचले तेव्हा मैदानावर समोरचा संघ रांगेत उभा होता, पंच निघायच्या बेतात. बिरागोनं वाळूनं हात खसाखसा घासले आणि हातमोजे चढवले. सामना बरोबरीत सुटला, पेनल्टीवर गेला. समोरच्या संघाचा शेवटचा चेंडू अडवला की सामना त्यांचाच. तो डाव्या कोपऱ्यात सणाणत आला. ती आडवी झेपावली. बोटांच्या टोकांना चेंडू लागला, खांबावर आदळून बाहेर गेला.

पहिला मैदानात धावला तो दुआ. त्यानं तिला खांद्यावर घेतलं आणि गर्दीला ओरडून सांगू लागला, "ही आमची मेकॅनिक! आमची मेकॅनिक!"