खिडकीतला कप

समोरच्या वहिनींच्या खिडकीत, गजांबाहेर, कान तुटलेला एक कप असायचा. कचरा न्यायला येणाऱ्या शांताबाईंना त्यातच चहा मिळे. पिऊन झाला की त्यांनीच तो विसळून तिथे ठेवायचा.

परवा तो कप दिसला नाही. मला उगाच बरं वाटलं.

काल वहिनींनी मला दारात चहा दिला, बशीसकट. शांताबाईंना कागदी कपात.

“आता कोण पाळतं हो जातपात?” वहिनी म्हणाल्या. “काळ किती बदलला!”

मी कप बशीत परत ठेवला.

शांताबाईंनी कागदी कप चुरगळून आपल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकला. पूर्वी वहिनींचा विटाळ निदान खिडकीत दिसायचा. आता तो रोजच्या रोज शांताबाईच उचलून नेणार.